उंबऱ्याची रेल

गफूरचाचा लाकडाची रेल बनवतात असं मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला खरोखरची रेल्वेगाडीच वाटली. आमच्या धाड गावाला रेल्वे नाही. रेल्वे पाहायची तर शेगावला जावं लागे, आणि शेगावला लोक जातात ते देवळासाठी. आमच्या घरात देव नव्हता, त्यामुळे शेगावही नव्हतं. देवाबद्दल मला फारसं कुतूहल नव्हतं, रेल्वेबद्दल मात्र फार होतं. म्हणून एका बाजाराच्या दिवशी, काळीपिवळी जीपा उभ्या राहतात त्याच्या मागच्या बोळात, पत्र्याच्या शेडमधल्या चाचांच्या दुकानासमोर जाऊन मी उभी राहिले आणि म्हणाले, "चाचा, रेल दाखवा."

चाचांनी एक फळी माझ्या हातात दिली. साधी फळी, मधोमध कंगव्यासारख्या रेघा असलेली.

"हे काय? चाकं कुठं हायेत?"

"चाकं?" चाचांनी कानामागची पेन्सिल काढून माझ्याकडं रोखली. "हलीमा, पाह्यलं का, हिले चाकं पाह्यजेत! इंजनबी लावून देऊ का?"

आतून हलीमाचाची हसल्या. चाचांनी फळी परत घेतली, मांडीवर आपटली आणि दोन हातांनी ओढली. फळी उघडली. वर दोन पाख्या, खाली दोन पाय, कैचीसारखी मधोमध अडकलेली. खिळा नाही, बिजागरी नाही, डिंक नाही. एका फळीच्या पोटातून दोन फळ्या निघाल्या होत्या आणि त्या एकमेकींना सोडत नव्हत्या.

खरा शब्द रेहल. कुराण उघडून ठेवायची घडीची बैठक. पण आमच्याकडं शब्दातला 'ह' असाच वाऱ्यावर जातो, आणि रेहलची रेल झालेली. पारायण करणारी हिंदू घरंही पोथीसाठी चाचांकडूनच रेल नेत आणि रेलच म्हणत. चाचांचे दोन नमुने ठरलेले होते, जाळी आणि अनाराची वेल. कुठल्या घरात कोणता जाईल हे ते विचारत नसत. "लाकडाले पूस," म्हणत.

लाकूड कधीच नवं नसे. मोडलेल्या बैलगाड्या, पडलेल्या घरांच्या तुळया, लोखंडी पेरणीयंत्र आल्यावर अडगळीत गेलेल्या तिफणी. तिफणीवर बी टाकायचं जे लाकडी वाडग्यासारखं चाडं असतं, ते उलटं टांगून चाचा त्यात बल्ब बसवत. गाडीच्या जुवातून पोपटाच्या खुंट्या निघत. मुसळांचे पाळण्याचे दांडे होत. प्रत्येक वस्तूत एक जुनी खूण ते मुद्दाम ठेवत, एखादं खिळ्याचं भोक किंवा दोरानं घासलेली चीर. मी विचारलं, हे काऊन ठेवता? तर म्हणाले, "लाकूड भुलक्कड रायते. कोन होतो, हे त्याले आठवून द्या लागते." हे उत्तर मला त्या वयातही जरा जास्तच सजवलेलं वाटलं. चाचा बोलण्यातही नक्षी काढत.

माझं नाव क्रांती. या नावामागं बाबा आहेत. बाबा बुलडाण्याला एका छापखान्यात कामाला होते आणि उरलेल्या वेळात शेतमजुरांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे, स्वतःच खिळे जुळवायचे, स्वतःच छापायचे. शाई सांडलेले, वाकडे छापलेले ताव संध्याकाळच्या एसटीनं आमच्या घरी यायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. आमच्या फडताळात पत्रकं अंथरलेली, डब्याखाली पत्रकं, भाकरीला गुंडाळलेली पत्रकं. हुंड्याच्या निषेधावर ठेचा सांडलेला असायचा. कधी कधी अंबाडीच्या भाजीला शाईचा वास यायचा, आणि अजूनही ताज्या छपाईचा वास आला की मला भूक लागते.

माय ती पत्रकं वाचायची. पण हातात धरून कधीच नाही. भाकर थापताना परातीखाली ताव अंथरलेला असेल तर ती मान वाकडी करून वाचायची, डाळ निवडताना सुपाशेजारच्या कागदावर ओणवी व्हायची. मला वाटायचं, सवय असेल. तिच्या आणखीही सवयी होत्या. परकं माणूस आलं की ती हात पदराखाली घ्यायची. बोटांच्या टोकांना तपकिरी डाग होते, ते मेंदीचे असतील असं मी धरून चालले होते, जरी मी तिला मेंदी लावताना कधी पाहिलं नव्हतं. आणि बाळंतविड्याचे लाडू कुठून आले, तर त्यातली गोडंबी ती एकेक वेचून बाजूला काढायची. आता हे सगळं ओळीनं लिहिताना मला वाटतं, मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मुलं परक्यांबद्दल कुतूहल बाळगतात. माय ही घरातलीच.

बाबांच्या एका चारपानी पत्रकाचं नाव होतं 'भाकर आणि नक्षी'. त्यातलं पहिलं वाक्य मला तोंडपाठ होतं : 'ज्या घरात भाकर नाही, त्या घरात नक्षी कशाला?' आमच्या घरात म्हणूनच शोभेचं काही नव्हतं. तोरण नाही, फुलदाणी नाही. हे वाक्य घेऊन मी चाचांच्या दुकानात वारंवार जायचे. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. खुंटीला पोपट नसला तर शर्ट अडकत नाही का? जाळीमुळं वाचलेलं जास्त कळतं का? चाचा वाकसानं लाकूड तासत राहायचे, मधेच म्हणायचे, "किरांती, तुझ्या फ्राकवर फूल हाय. ते काढून टाक पह्यले, मंग माह्या पोपटाले बोल." मी घरी येऊन फ्रॉकवरच्या फुलाकडं रागानं बघत बसायचे.

अशात मायच्या माहेरचं घर पाडायला काढलं. ते गाव रोहिणखेडच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला. तिच्या थोरल्या भावाला, दादाला, स्लॅबचं घर बांधायचं होतं. जुनी लाकडं वीटभट्टीवर जाणार होती. माय सकाळच्या गाडीनं एकटी गेली आणि संध्याकाळी परत आली, ती एसटीच्या टपावर सागाचा अख्खा उंबरठा टाकून. कंडक्टर आणि बाबांनी मिळून तो खाली उतरवला. मधोमध खोलगट झालेला, त्या खोलगटात बारीक ठोकरांचे डाग, आणि सगळा मधला भाग काळाकुट्ट.

"हे काऊन आणलं?" बाबांनी विचारलं.

"रेल करायची हाय याची."

बाबांचा चेहरा मला आजही आठवतो. "रेल? म्हंजे पोथी आणतं का काय घरात?"

"पोथी कायले आणू?"

"मंग काय ठेवतं रेलवर?"

माय उंबऱ्यावरची धूळ पदरानं पुसत राहिली. बाबा म्हणाले, संघटनेच्या वाचनालयाला बाक नाही, याचा चांगला बाक होईल, दहा माणसं बसतील. मला बाबांचं पटलं. पण रेलवर काय ठेवणार हे मायनं सांगितलं नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून मी मायच्या बाजूनं झाले. तत्त्वासाठी मी पुष्कळ वेळा भांडले आहे, पण आयुष्यातली पहिली फितुरी कुतूहलापायी केली.

चाचांनी उंबरठा पाहिला आणि मान हलवली. "बाकी काईबी सांगा, ताई. खुंट्या करतो, पाट करतो. रेल नाही होत. पायाखालचं लाकूड किताबीखाली जात नाही."

हे ऐकून माझ्या अंगातली सगळी पत्रकं एकदम पेटली. जन्मानं कोणी खालचा नसतो, लाकूडही नसतं, पायाखाली आलं हा त्याचा दोष नव्हे, ठेवणाऱ्यांचा आहे, असं मी दुकानात उभी राहून म्हणाले. आवाज चढवून म्हणाले. बोळातली दोन माणसं थांबली.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "झालं भाषण? हलीमा, किरांतीले पानी दे. घसा सुकला तिचा."

माय मात्र हसली नाही. म्हणाली, "चाचा, उंबऱ्यावर पाय देत नाहीत आमच्यात. ओलांडतेत. सणाले हळद-कुंकू लावतेत त्याले."

"म्हंजे पूजेचं लाकूड?" चाचा आणखीच मागं सरले. "मंग तर नाहीच. पूजेच्या लाकडाले मी करवत लावू? उद्या माहं दुकान बंद कराल तुमी लोकं."

"तुमीच पाहा बाप्पा. तुमाले ते खालचं वाटते त हात नाही लावत, वरचं वाटते तरी नाही लावत."

चाचा बराच वेळ त्या उंबऱ्याभोवती फिरले. वरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, टिचक्या मारल्या. मग त्यांचा चेहरा फुलला. अशा वेळी ते फार खूश दिसत, जणू जगात पहिल्यांदाच कुणाला काही सुचलंय. "पाय लागले असतीन त लाकडाच्या वरच्या अंगाले," ते म्हणाले. "मी फळी मधातून चिरतो. किताब बसते आतल्या अंगावर. आतलं अंग पाह्यलं हाय का कोनी? त्याले ना पाय लागला ना कुंकू. काळं हाय ते भाईरच्या बाजूनं रायते."

ही पळवाट आहे असं मला वाटलं, आणि मी तसं म्हणणारही होते. मायनं माझा दंड धरला.

पुढच्या बाजारी मी रेल पाहायला गेले, तर दुकानात ठोकाठोकी नव्हती. चाचा खाटेवर बसलेले. डोळे सुजून फटी झालेल्या, हातावर मनगटापर्यंत फोड, कानाची पाळी लाल. हलीमाचाची मला बघून म्हणाल्या, "ये, पाह्य तुह्या मायच्या उंबऱ्यानं काय केलं. म्या म्हनत होती, पायाखालचं घेऊ नका. आता भोगा." चाचा स्वतः तर खात्रीच करून बसले होते. त्यांनी नियमाला बगल दिली आणि नियमानं त्यांना गाठलं. "किरांती, मायले सांग, घेऊन जा म्हना. बाक करा नाई त चुलीत घाला. मी हात नाही लावत."

मी पळत घरी आले. मायनं चूल तशीच सोडली. दुकानात येऊन तिनं पहिल्यांदा चाचांचा हात हातात घेतला. मी तिला परपुरुषाचा हात धरताना तोवर पाहिलं नव्हतं. हात उलटा केला, फोड पाहिले. मग अर्धवट घासलेला उंबरठा पाहिला, काचपेपरचा काळा चुरा दोन बोटांत चोळला आणि नाकाशी नेला.

"नजर नाही न काही नाही," ती म्हणाली. "बिबा उतला हाय तुमाले."

"बिबा? कुठला बिबा? मले वाटलं दिव्याचं तेल मुरलेलं हाय. म्हनून त मस्त घासून राह्यलो होतो."

"आमच्या उंबऱ्यावर बिबे फोडत होतो आमी. मी न माही माय. एवढी वर्सं झाली, मले वाटलं वाळून गेलं असन."

ज्यांनी बिबा फक्त धोब्याच्या खुणेत पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. काळं, टणक फळ, त्याच्या आत गोडंबी. बाजारात सुक्या मेव्याशेजारी बसते ती. पण ती बाहेर काढायला बिबा फोडावा लागतो आणि फोडला की त्याचं तेल उडतं. जिथं उडेल तिथं कातडी जळते, फोड येतात, त्यालाच बिबा उतणं म्हणतात. डोंगराकडच्या गावांत बाया आणि मुली हातांना राख फासून हे काम करतात. बाबांच्या छापखान्यातून ऊसतोडीवर पत्रक निघालं होतं, विडीवर निघालं होतं. बिब्यावर एकही निघालं नव्हतं, आणि बिबे फोडलेला हात रोज त्यांना भाकर वाढत होता.

हलीमाचाचींनी खोबरं किसलं. माय ते चाचांच्या हाताला चोळत बसली आणि बोलत राहिली, हातांकडं बघत, आमच्याकडं न बघता.

ती शाळेत जायची. एकदा तिनं दादाचं पुस्तक चित्रं बघायला घेतलं. हात धुतले होते, पण बिब्याचं तेल धुऊन जात नाही. दादानं तेच पुस्तक वाचलं, डोळे चोळले, आणि त्याचं तोंड सुजलं. परीक्षा हुकली. तेव्हापासून तिनं पुस्तकाला हात लावायचा नाही असं घरात ठरलं. पुस्तकाला हात लावायचा नाही तर शाळेत कशाला, हे आपोआप ठरलं. "मंग दादा आतून मोठ्यानं वाचे," माय म्हणाली, "न मी उंबऱ्यापाशी बसून फोडू. तो वाची तसं मी फोडू. त्याचे धडे मले सगळे पाठ झाले. पानं तेवढी नाही पाह्यली."

"मंग आता त हात साफ हायेत तुमचे," चाची म्हणाल्या. "आता काऊन नाही धरत पुस्तक?"

माय खोबरं चोळतच राहिली. "हात पुढं होतच नाही वं," ती म्हणाली. "म्हनून रेल पाह्यजे. रेलवर पुस्तक उघडं रायते. हात लावा नाही लागत."

मी तिथं उभी होते. मला भाषण येत होतं, पण मी खाली बसून खोबऱ्याची वाटी मायजवळ सरकवली.

चाचांनी सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून उंबऱ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता ते काहीतरी नक्षीदार बोलतील. ते म्हणाले, "ह्या तेलाचं काय करता? घासल्याबिगर रेल होत नाही, आन घासलं की मी मरतो."

ते काम मायनं केलं. हातांना कोपरापर्यंत खोबरेल, त्यावर राख, तोंडाला फडकं. चुलीतली गरम राख ती काळ्या भागावर पसरायची, लाकूड घाम आल्यासारखं तेल सोडायचं, राख ते प्यायची. मग राख खरवडून खड्ड्यात. पुन्हा गरम राख. मला जवळ येऊ दिलं नाही. मी शेडच्या दारातून बघत होते, आणि तिच्या हातांचा वेग बघून मला कळत होतं की हे हात हे काम झोपेतही करू शकतील. ठोकरांचे डाग तिनं जाऊ दिले नाहीत. चाचा म्हणाले रंधा मारून सपाट करतो, तर म्हणाली, "राहू द्या. काही माह्ये हायेत, काही मायचे."

नक्षीवरून मात्र दोघांचं जुंपलं. चाचांनी पायांवर अनाराची वेल आखायला घेतली होती.

"अनार नको. बिबा काढा."

"बिबा कोनी कोरते का, ताई? अनार शोभते."

"अनार आमच्या घरी कधी आला?"

"लोकं हसतीन माह्या कामाले."

"हसू द्या. तुमाले उतलाय, आता त वळख हाय तुमची त्याची."

चाचांनी पटाशी उचलली. बिबा आपल्या फुलासकट, म्हणजे काजूच्या बोंडासारख्या गरासकट, कसा दिसतो हे मायनं त्यांना खडूनं काढून दाखवलं. आज ती रेल पाहणारे सगळे विचारतात, काजू काढलाय का? एका शहरी मैत्रिणीनं तर कोकणातून आणली का म्हणून विचारलं. चाचा नाहीत आता. त्यांच्या शेडमध्ये मशीनवर कापलेल्या प्लायच्या जाळ्या मिळतात, बोळभर एकसारख्या. मी त्यांना नावं ठेवत नाही, पण त्यांना विचारण्यासारखं माझ्याकडं काही नसतं.

रेल घरी आली तेव्हा बाबा ओट्यावर होते. त्यांनी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. खिळा कुठंय हे शोधलं, माझ्यासारखंच. बिब्याची गोष्ट मी त्यांना चाचांना बिबा उतला त्याच संध्याकाळी, एसटीवरून घरी येताना सांगितली होती. ती ऐकून ते नुसते भराभर चालायला लागले होते. आता त्यांनी बाहेरच्या बाजूच्या ठोकरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाक नसता झाला याचा. लाकूड कमीच होतं." ते खरं नव्हतं.

माय चुलीपुढं बसली होती, परातीत ज्वारीचं पीठ, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. तिनं रेल परातीच्या पलीकडं मांडायला लावली. रेलवर काय ठेवायचं, हे मला कित्येक आठवडे जाणून घ्यायचं होतं. "जे हाती लागन ते दे," ती म्हणाली. मी फडताळातून वरचंच पत्रक ओढलं आणि उघडून ठेवलं. ते 'भाकर आणि नक्षी' होतं.

मायनं मान वाकडी केली नाही. ताठ बसून, भाकर थापत, ती मोठ्यानं वाचू लागली. पहिल्या वाक्याशी थांबली. पुन्हा वाचलं. "ज्या घरात भाकर नाही, त्या घरात नक्षी कशाला." थाप, थाप, थाप. "चांगलं लिह्यलं. कोनं लिह्यलं हे?"

"म्याच," बाबा दारातून म्हणाले.

"भाकर कोनं थापली, ते नाही लिह्यलं याच्यात."

"पुढच्या पानावर असन."

"पाहू." तिनं भाकर तव्यावर टाकली आणि पिठाचा हात वर धरून माझ्याकडं पाहिलं. "पान पलट वं, बाई."

मी पान पलटलं. पुढच्या पानावरही नव्हतं.